हॉस्पिटलची लॅब मस्त, काउंटरवाल्यांची घाई नको
सासूबाईंच्या शुगर-किडनीच्या टेस्ट याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये करतो, रक्त काढणाऱ्या ताई एकदम सराईत, नाव विचारून समोरच ट्यूबवर लेबल लावतात. मध्ये पोटॅशियम जास्त आलं तर त्यांनी स्वतःच फोन करून परत बोलावलं, कारण सँपलमधल्या लाल पेशी फुटल्या होत्या आणि तसं झालं की आकडा खोटाच वाढतो, दुसऱ्या सँपलमध्ये नॉर्मल निघालं. नुसता रिपोर्ट हातात दिला असता तर आमची झोपच उडाली असती! एचबीएवनसीपण इथेच, त्याला उपाशी राहावं लागत नाही, मागच्या 2-3 महिन्यांच्या शुगरची सरासरी कळते.

खटकलं ते काउंटरवर. उरलेलं रक्त रिसर्चला वापरायचा फॉर्म बाकीच्या कागदांत घुसवून "इथे सही करा" म्हणे. अहो, ती संमती वेगळी असते, नाही म्हटलं तरी उपचार अडवायचे नसतात, नंतर माघारपण घेता येते. विचारल्यावर मात्र रिसर्चवाल्या मॅडमनी नीट बसून समजावलं, नावाऐवजी कोड टाकतात वगैरे, मग सासूबाईंनी स्वतःच सही केली. रिपोर्टचं अ‍ॅप मात्र भंगार, सारखं लॉगआउट होतं.