भाव ग्रॅमचा होता

मी अमळनेरचा. सोळा वर्षं झाली, विमा विकतो. समोरच्याच्या तोंडून 'हो' कसं काढायचं यावरच माझं घर चालतं. तरी दोन माणसांनी आणि एका फोनवरच्या आवाजाने मला ७८,५०० रुपयांना गंडवलं. लाजेपायी पाच महिने कुठे बोललो नाही. गेल्या आठवड्यात पारोळ्याच्या एका ग्राहकाकडे हप्ता घ्यायला गेलो, तर त्याने वडिलांसाठी आणलेलं 'मेंदूचं औषध' कौतुकाने दाखवलं. तसलीच बिनलेबलची बरणी, तसलीच तपकिरी पूड. म्हणून लिहितोय.

आई ७६ वर्षांची. तिच्या आजाराची सुरुवात आम्हाला दिसली ती मांडे भाजायच्या मातीच्या खापरावर. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे गल्लीत तिच्यासारखे कुणाचे होत नसत. त्या वर्षी तिने मांडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठा केला आणि तशीच उभी राहिली. खापर तापून धूर निघत होता, मांडा हातावरून लोंबत होता आणि पुढे काय करायचं ते तिला आठवेना. बायकोने हातातून घेतला तेव्हा तो फाटला होता. आम्ही हसण्यावारी नेलं. मग पैसे पिठाच्या डब्यात ठेवणं, गळ्यातली पोत सुनेनेच चोरली म्हणणं, जेवून उठल्यावर 'मला कुणी जेवायला विचारलं नाही' म्हणणं सुरू झालं. दिवस मावळला की 'माले घर जानं शे' चालू. घर म्हणजे माहेरचं, जे पडून वीस वर्षं झाली. एकदा ऐन पौषात सखाराम महाराजांच्या यात्रेला निघाली आणि बोरी नदीच्या कोरड्या पात्रात पाळणे शोधताना सापडली. यात्रा वैशाखात असते.

धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बी-१२, थायरॉईड, सोडियम तपासलं, सीटी स्कॅन केला. यातल्या काही कारणांनीही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो, म्हणून आधी हे बघायचं असतं. आईचं तसं नव्हतं. अल्झायमर निघाला, म्हणजे हळूहळू आठवण नेणारा मेंदूचा आजार. 'गोळीने थोडा आधार मिळेल, पण हा आजार मागे फिरत नाही,' डॉक्टर म्हणाले. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, ते तरी किती बोलणार? हे वाक्य कानात घेऊन मी खाली मेडिकलच्या रांगेत उभा राहिलो. तो माणूस तिथेच होता.

चाळिशीचा, साधा, हातात औषधाची पिशवी. आई बाकावर पदराचं टोक उलगडत-गुंडाळत बसली होती. त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि अहिराणीत बोलायला लागला. आई, जी महिनाभर नवख्या माणसाकडे बघत नव्हती, ती हसली. मला म्हणाला, 'मन्ही मायले बी हाऊच आजार व्हता.' दोन वर्षं अंथरुणात घाण करायची म्हणे, आता स्वतः चहा करते, नातवंडांना नावाने हाक मारते. नावाने हाक मारते, हे तो तीनदा म्हणाला. त्याआधी पंधरा दिवस आई मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने बोलवत होती. त्याला कुठून कळलं असेल? कुठूनच नाही. डिमेन्शियाच्या, म्हणजे असल्या विसरण्याच्या आजाराच्या, बहुतेक घरांत हेच दुखतं, एवढं त्याला माहीत होतं.

पैसे त्याने मागितले नाहीत. एका वैद्यबुवांचा नंबर दिला आणि निघून गेला.

वैद्यबुवांनीही पैसे मागितले नाहीत. 'मी सेवा करतो, नुस्खा फुकट. जिन्नस कुठूनही घ्या.' पण त्यातले दोन जिन्नस 'अस्सल' फक्त एका दुकानात मिळतात, हे ओघाने आलंच. मधल्या दोन दिवसांत सुरतेहून बहिणीचा फोन आला: 'आईला तुम्ही कोंडून ठेवता, इलाज करत नाही.' दाराला आम्ही बाहेरून कडी लावत होतो हे खरं होतं. रात्री दोन-दोनदा चादरी धुणारी माझी बायको म्हणाली, 'जाऊन तर बघा.' तिला मी आजही दोष देत नाही.

दुकान म्हणजे एका गाळ्यात लाकडी कपाट, देवाचा फोटो, तराजू आणि मोठा खल. दुकानदाराने चिठ्ठी वाचली. भस्माचा भाव विचारला तर तो म्हणाला, 'अठराशे.' मी समजलो, डबीचे अठराशे. बाकीचं तीन-चार हजारांचं. म्हणजे सहा हजारांत काम. म्हटलं करा. त्याने सगळं खलात टाकलं आणि बोलत बोलत घोटलं. घोटून एकजीव झाल्यावर कॅल्क्युलेटर फिरवला. अठराशे हा भाव एका ग्रॅमचा होता. नुस्ख्यात चोवीस ग्रॅम. ४३,२०० अधिक ४,३००, एकूण ४७,५००.

मी म्हटलं, नको. तो आवाज न चढवता म्हणाला, 'साहेब, आता घोटलं. हे तुमच्या आईच्या नावाचं, दुसऱ्या कुणाला देता येत नाही.' मागे दोन पोरं येऊन उभी राहिली. वैद्यबुवांना फोन लावला, तर ते म्हणाले, 'आईपेक्षा पैसा मोठा आहे का?' बारा हजार रोख दिले, ३५,५०० मोबाईलवरून पाठवले. पैसे दुकानाच्या नावावर गेले नाहीत, कुणा तिसऱ्याच माणसाच्या बचत खात्यात गेले. पावती म्हणून वहीतला फाडलेला कागद मिळाला.

खरी फसवणूक पुढे आहे, कारण औषध लागू पडलं.

चौथ्या दिवसापासून आईला भूक लागली. दोन घास खाणारी बाई दीड भाकरी खाऊ लागली. गुडघे दुखत नाहीत म्हणे. स्वतः उठून ओट्यावर जाऊन बसायची. बहिणीला व्हिडिओ पाठवला, ती रडली. नावाने हाक मात्र मारली नाही, पण आम्ही म्हटलं, येईल. दहाव्या-बाराव्या दिवशी झोप उडाली. रात्रभर घरात फेऱ्या, भांडी आपटणं. एकदा बायकोच्या अंगावर लाटणं घेऊन धावली. वैद्यबुवांना सांगितलं तर खूश झाले: 'मेंदू जागा होतोय. हीच खूण. आता दुसरा टप्पा सोडू नका.' ३१,००० बहिणीने पाठवले.

पाचव्या आठवड्यात आईचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला. सारखी लघवीला, सारखं पाणी. एका सकाळी उठेचना. दवाखान्यात साखर ४३६ निघाली. मधुमेह आधी होता, पण गोळीवर नीट होता. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बाहेरचं काय देताय?' मी बरणी काढून दिली. त्यांना स्टेरॉईडची शंका आली. पूड तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. पण स्टेरॉईडने भूक वाढते, सांधेदुखी दबते, तरतरी येते, मग झोप जाते, माणूस भडकतो, साखर चढते. आमच्या पाच आठवड्यांचा सगळा हिशेब त्यांनी दोन मिनिटांत मांडला. मला वाटलं होतं, पूड गटारात ओतून मोकळं व्हावं. तर म्हणाले, असलं काही आठवडेच्या आठवडे पोटात गेलं असेल तर एकदम तोडणंही धोक्याचं. शरीर स्वतःचं स्टेरॉईड तयार करणं थांबवतं, रक्तदाब पडू शकतो. म्हणून त्यांनी मोजून गोळी दिली आणि ती हळूहळू उतरवली. तुमच्या घरात अशी बरणी असेल तर ती घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. रागावतील, रागावू द्या.

दुकान बघायला गेलो तर शटर बंद. गाळामालक म्हणाला, तीन महिन्यांसाठीच घेतलं होतं. फोन बंद. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला: 'पिन तुम्हीच टाकला ना?' टाकला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, तक्रार नोंदली, पण तोवर महिना उलटून गेलेला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, खात्यात आहेत तोवर. मी त्या दिवशी गाळ्यातून बाहेर पडून लावला असता तर निदान ३५,५०० अडकवता आले असते की नाही, हा विचार अजून जात नाही.

एक चांगलं झालं, दुकानातलं पत्रक बायकोने फेकलं नव्हतं. 'विस्मरण मुळापासून बरे.' आमच्या ओळखीच्या वकिलांनी १९५४चा औषधे व जादुई उपाय कायदा दाखवला. त्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेत, ते बरे करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा. पत्रक जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय.

गल्लीतल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, तर ते माझ्यापेक्षा जास्त संतापले. खऱ्या वैद्याचा नोंदणी क्रमांक असतो, खऱ्या औषधावर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते. आणि कुठलाही खरा वैद्य पेशंटची नाडी न बघता फोनवर भस्म देत नाही, म्हणाले. मी विमा विकताना गिऱ्हाईकाला पंधरा ठिकाणी सह्या करायला लावतो. इथे 'एकूण किती?' एवढं खलाआधी विचारलं नाही.

बहिणीला आता महिन्यातून चार दिवस इकडे बोलावतो. पहिल्या रात्री आईने तिला चोर समजून ओरडा केला. तेव्हापासून फोनवरचं बोलणं मऊ झालंय. बाहेरची कडी काढली. दाराला आतून वरच्या बाजूला खिटी लावली, आईचं लक्ष वर जात नाही. तिच्या लुगड्याच्या काठाला आतून माझा नंबर शिवलाय. संध्याकाळ अजून अवघडच जाते. पाच वाजले की दिवे लावतो, सावल्या पडू देत नाही, आणि तिच्यापुढे पाटीभर कापूस ठेवतो, शेतातलाच. ती सरकी काढते, वाती वळते. 'घर जानं शे' म्हणाली की बायको म्हणते, 'एवढी पाटी व्हई जाऊ दे, मग जाऊत.' वातींचे चार डबे भरलेत. गल्लीतल्या बायका घेऊन जातात.