जुन्या पेंटियमला साटा डिस्क जोडताना: कन्व्हर्टर की पीसीआय कार्ड?

इंटेल 845 चिपसेटच्या पेंटियम 4 संगणकात आयडीईचे (रुंद केबलने डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) दोन चॅनेल आणि त्यांवर फार तर चार उपकरणे एवढाच संसार असतो. आयडीई डिस्क आता मिळालीच तर बहुधा वापरलेली मिळते, त्यामुळे जादा डिस्क साटाच (अरुंद केबलची, आयडीईनंतर आलेली पद्धत) घ्यावी लागते. ती आयडीई केबलच्या टोकाला साटात रूपांतर करणारा कन्व्हर्टर लावून जोडावी की मदरबोर्डवरील पीसीआय स्लॉटमध्ये (जादा कार्ड बसवण्याच्या खाचेत) साटा कार्ड बसवून, एवढाच प्रश्न उरतो. डिस्क बाहेरून जोडणारी यूएसबी 2.0 ची पेटी बॅकअपपुरती ठीक आहे, पण रोजच्या कामाला ती अपुरी पडते, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

कन्व्हर्टरच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तो स्वस्त आहे, त्याला ड्रायव्हर लागत नाही, आणि बायोसला (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामला) ती साधी आयडीई डिस्कच वाटत असल्याने विंडोज एक्सपी तिच्यावर थेट बसवता येते. कार्डावरील डिस्कवर एक्सपी बसवायची तर एफ6 दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो, आणि चालणारी फ्लॉपी शोधणे हे आज वेगळेच काम आहे. वेगाच्या बाबतीत मला तरी दोहोंत जाणवण्याजोगा फरक दिसला नाही.

माझ्यापुरता निकाल कार्डाच्या बाजूने लागला तो वेगळ्याच कटकटीने. कन्व्हर्टर डिस्कच्या मागे उभा खोचलेला असतो आणि रुंद, ताठ आयडीई केबल त्याला सतत एका बाजूला ओढत असते. जोड किंचित ढिला झाला की डेटा नेताना चुका होऊ लागतात, आणि एक्सपीचा स्वभाव असा की अशा चुका सहा वेळा झाल्या की ती त्या चॅनेलचा वेग एक पायरी खाली आणते. असे करत करत गाडी डीएमएवरून (डेटा प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत जाण्याची पद्धत) पीआयओवर (सगळा डेटा प्रोसेसरनेच हलवण्याची संथ पद्धत) येते. पडद्यावर त्याची कोणतीही सूचना येत नाही. फाइल कॉपी करताना माउस अडखळू लागतो, गाणे तुटक वाजते, प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र दिसतो, आणि आपण व्हायरस शोधत बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू केला की वेग परत येतो, परंतु माझ्याकडे ऐंशी तारांची नवी केबल घालूनही हे दुखणे काही काळाने पुन्हा डोके वर काढत असे. त्याच केबलवर डीव्हीडी रायटर असेल तर त्रास दुप्पट, कारण बरेच कन्व्हर्टर स्लेव्ह (केबलवरचे दुय्यम उपकरण) म्हणून राहायला तयारच नसतात.

कार्डही अगदी निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. ते बसवल्यावर काही बायोस त्याच्यावरील डिस्कला बूट क्रमात पुढे ढकलतात आणि जुनी विंडोज सुरूच होत नाही; मात्र क्रम एकदा नीट लावला की सहसा पुन्हा पाहावे लागत नाही. खरेदी करताना खोक्यापेक्षा चिपवरचे नाव वाचावे. व्हीआयए 6421 चिपच्या काही कार्डांना सेकंदाला 3 गिगाबिट वेगाची डिस्क दिसतच नाही. डिस्कवर जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) लावून तिला दीड गिगाबिटवर आणावे लागते, आणि तशी सोय प्रत्येक डिस्कवर नसते. सिलिकॉन इमेज 3112 किंवा 3114 चिपच्या कार्डांचा माझा अनुभव बराच सुखाचा आहे. शिवाय कार्डाला स्वतःचे बायोस असल्याने जुन्या मदरबोर्डची 137 जीबीची मर्यादा (त्याहून मोठी डिस्क पूर्ण न ओळखण्याची) त्याच्यावरील डिस्कला आड येत नाही. अशा मोठ्या डिस्कसाठी एक्सपीला सर्व्हिस पॅक 1 किंवा त्यापुढचा मात्र हवाच.

पीसीआय स्लॉट रिकामाच नसेल, तर कन्व्हर्टरही चालून जाईल, फक्त त्याला संपूर्ण केबल एकट्याला द्यावी, डिस्क मास्टर (मुख्य उपकरण) ठेवावी, आणि कॅबिनेट बंद करण्यापूर्वी केबलला ताण पडणार नाही अशी ती वळवून बांधावी.