स्नोबॉल की सहेतुक निवड? सिकलसेलच्या मुलाखतींसाठी माणसं शोधताना

गुणात्मक अभ्यासाची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, लिहायला बसलं की गाडी हमखास इथे अडते: मुलाखतीला माणसं आणायची कुठून? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या आरोग्यशिक्षणावर नागपुरात काम करताना मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आधी स्नोबॉल, म्हणजे एकाने पुढच्याचं नाव सांगायचं, त्याने त्याच्या पुढच्याचं. मग सहेतुक निवड, म्हणजे कशी माणसं हवीत ते आधी ठरवून तशीच शोधायची.

स्नोबॉलला वेग आहे, हे मान्यच. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आशाताईंनी पहिलं घर दाखवलं आणि आठवड्याभरात माझ्या 9 मुलाखती झाल्या. ओळखीतून गेल्यामुळे लोक मोकळे बोलतात. उपचार सोडून घरी बसलेले, ओपीडीच्या रजिस्टरमध्ये ज्यांचं नावच नाही, असे लोकही याच वाटेने सापडतात.

खटकलं ते ट्रान्सक्रिप्ट वाचताना. भरपूर पाणी प्या, फोलिक ॲसिडची गोळी चुकवू नका, थंडीत जपा. सगळ्यांची वाक्यं तीच, क्रमही तोच. सहाव्या मुलाखतीनंतर नवं काही येईना, म्हणून मी वहीत ‘सॅच्युरेशन’ लिहूनही टाकलं. नंतर कळलं की ही सगळी मंडळी एकाच अंगणवाडीतल्या एकाच सत्राला बसली होती. लोकांची समज म्हणून मी जे गोळा केलं, ते त्या सत्राचं पाठांतर होतं. इतर विषयांत हे कदाचित चालून जाईल. पण आपला विषयच आरोग्यशिक्षण असेल, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव सांगणं म्हणजे एकाच फळ्यासमोर बसलेल्यांना पुन्हा पुन्हा विचारणं.

‘12 मुलाखती पुरे’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. तो 2006 मधल्या गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या लेखाच्या आधाराने दिला जातो. घाना आणि नायजेरियातल्या 60 मुलाखती त्यांनी तपासल्या होत्या, आणि आपला गट बऱ्यापैकी एकसारखा होता हे स्वतःच सांगितलं होतं. स्नोबॉलमध्ये तो एकसारखेपणा नकळत तयार होतो आणि 12 चा आकडा खरा वाटू लागतो.

दुसऱ्या खेपेला मी आधी चौकट आखली: एसएस (आजार असलेले) की एएस (फक्त वाहक), बाई की पुरुष, शहरातले की कुही-भिवापूरकडून येणारे. आठ खाने, प्रत्येकात दोघं. चार महिने गेले. एएस पुरुषांचा खाना तर भरता भरेना. शेवटी एक लग्नाळू मुलगा बोलायला तयार झाला. म्हणाला, “एएस म्हणजे आजार नाही असं सांगितलं ना सर, मग मुलीकडच्यांना कशाला सांगू?” नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. आमच्या शिक्षणातलं एक वाक्य नेमकं कुठे उलटतं, ते त्या मुलाने दाखवलं. वस्तीतल्या 9 मुलाखतींत हे एकदाही आलं नव्हतं.

हातात तीनच महिने असतील तर स्नोबॉलला नाही म्हणू नका. पण सुरुवात तीन-चार वेगळ्या ठिकाणांहून करा आणि साखळी दोन कड्यांवर थांबवा. नावं मागू नका. आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या, ज्याला बोलायचंय तो फोन करेल. लग्न जुळत असलेल्या घरातली सिकलसेलची गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत येता कामा नये. मी पुढच्या अभ्यासालाही चौकटच आधी आखली आहे. स्नोबॉल ठेवलाय तो रिकाम्या राहणाऱ्या खान्यांपुरता.