गॅस टॉर्च, आठ महिन्यांनी: ज्वाला सोन्यासारखी, खटका कवडीमोलाचा

फेब्रुवारीत गॅस टॉर्चचा पेटवायचा खटका गेला. टॉर्च घेऊन चार महिनेही झाले नव्हते. साडेतेराशे रुपये मोजले होते ते पेटवायला काडी लागू नये म्हणून, आणि आता माझ्या खिशात कायम काडेपेटी असते.

घेतला होता आजोबांची चकमक, म्हणजे गारेच्या दगडावर मारून ठिणगी पाडायचा पोलादाचा तुकडा, तापवून पुन्हा कडक करायला. त्यांच्या चंचीत ती गारेच्या दगडासकट आणि काळ्या पडलेल्या कापसासकट सापडली. पोलादाची धार झिजून गोल झाली होती, कितीही घासली तरी ठिणगी पडेना. ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गार पोलादाचा बारीक कीस ओरबाडते आणि तो हवेत पेटतो. त्यासाठी पोलाद कडक हवं. वरचा कडक थर झिजला की आतलं मऊ लोखंड नुसतं खरवडलं जातं. जुन्या गारेच्या बंदुकीच्या चापातही हेच होतं. तिथली झिजलेली पोलादी पट्टी पुन्हा कडक करतात, नाहीतर तिच्यावर चांगल्या पोलादाचा नवा तुकडा बसवतात. बंदुकीच्या दुरुस्तीला मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, म्हणून मी चकमकीवरच थांबलो.

पहिल्या महिन्यात टॉर्चबद्दल माझं मत वाईट झालं होतं. वीस मिनिटं ज्वाला धरली तरी पोलाद विटकरी रंगाच्या पुढे जाईना. भडगावला डिसेंबरातल्या सकाळी टॉर्चचा गॅसचा डबा हाताला गार लागायचा आणि ज्वाला बसायची. डब्यातला गॅस म्हणजे बुटेन, ते उकळतं शून्य अंशाच्या आसपास, त्यात गॅस सोडता सोडता डबा स्वतःही थंड होतो, मग दाब उरणार कुठून? मी टॉर्चला नावं ठेवत होतो. चूक माझी होती. उघड्यावर तापवत होतो, सगळी उष्णता वाऱ्याबरोबर जात होती. चार हलक्या भट्टीच्या विटा उभ्या करून खोपटं केलं, त्यात चकमक ठेवली, आणि सात-आठ मिनिटांत ती पिकल्या चेरीसारखी लाल झाली. या कामासाठी टॉर्चला पैकीच्या पैकी गुण.

रंग उन्हात बघू नका, सावलीत किंवा दिवेलागणीला बघा. मी एका तारेला चुंबक बांधून ठेवलंय. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याच्या जरा पुढे नेऊन पाणी द्यायचं, म्हणजे एकदम बुडवून गार करायचं, की पोलाद कडक होतं. जुन्या कानशीपासून केलेली दुसरी चकमक गार पाण्यात बुडवली तर टकटक आवाज करून तडकली. तेव्हापासून कोमट तेल. पाणी चढलंय का ते कानस सांगते. ती धारेवरून घसरली, चावली नाही, की समजायचं.

गार आमच्याकडे फुकट. गिरणेच्या पात्रातले बेसाल्टच्या पोकळीतले करडे, मेणासारखे चकचकीत दगड उत्तम चालतात. सावद्याकडच्या खाणीत निघणारे झिओलाइट खनिजाचे सुंदर खडे मात्र यासाठी अजिबात नको, पोलादापुढे ते मऊ.

आता खटका. दाबलं की आतल्या स्फटिकावर हातोडी पडते आणि वीज तोंडाशी उडते, एवढंच त्याचं काम. उघडून पाहिलं तेव्हा स्फटिक ठीक होता. तोंडाजवळची तार उष्णतेने वाकून लांब गेली होती. पक्कडीने ती जवळ आणली, पंधरा दिवस चाललं. मग हातोडी अडकवणारा प्लास्टिकचा दात तुटला. पितळी तोंड आयुष्यभराचं आणि त्यात हा दात पाच रुपयांचा! विकणाऱ्याला तीनदा फोन केला. मूळ खोक्यासह, स्वतःच्या खर्चाने टॉर्च पाठवा म्हणाले. पाठवायचा खर्च आणि खोकं जपायची मेहनत दोन्ही ग्राहकाचीच, हे मला मान्य नाही. नुसता दात मिळेल का विचारलं, तर सुटे भाग ठेवतच नाहीत म्हणे.

एक इशारा, खान्देशातल्यांसाठी खास: डबे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. पन्नास अंशांच्या वर नेऊ नका असं डब्यावरच छापलेलं असतं आणि मेमधली आमची शेड तिथपर्यंत सहज जाते. माझे डबे माजघरात असतात, चुलीपासून लांब, माठाच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात. पेटता टॉर्च उलटाही करू नका, पातळ गॅस बाहेर येऊन ज्वाला भडकते.

मे महिन्यात मोठ्या काकांना चकमक नेऊन दिली. वय ऐंशीच्या पुढे, हात कापतो. जाळलेला कापूस गारेवर अंगठ्याखाली दाबून त्यांनी दोनदा मारलं, काहीच नाही. तिसऱ्यांदा कापसाच्या कडेला लाल टिकली दिसली आणि पसरत गेली. ते म्हणाले, "आते पडनी ठिणगी!" आणि बराच वेळ फुंकर घालत बसले.

कुणी घेणार असेल तर खटका नसलेला, पितळी तोंडाचा घ्या. तो दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त पडतो, तेवढ्यात गॅसचे दोन डबे येतात.