15 पीपीएम बिल्ज सेपरेटर: बरेच महिने चालवल्यानंतर

मागच्या ड्रायडॉकमध्ये (जहाज पाण्याबाहेर काढून होणाऱ्या दुरुस्तीत) आमच्या बल्क कॅरियरवरचा (सुटा माल नेणाऱ्या जहाजावरचा) जुना ऑइली वॉटर सेपरेटर काढून नवा बसवला. बिल्ज म्हणजे इंजिन रूमच्या तळाशी जमणारं तेलकट पाणी, आणि त्यातलं तेल वेगळं करणारं हे यंत्र. तासाला 5 घनमीटर क्षमतेचा, दोन टप्प्यांचा. पहिल्या टाकीत तेल आपोआप वर तरंगतं, दुसरीत कोएलेसर नावाचा फिल्टर उरलेले बारीक थेंब एकत्र आणून मोठे करतो. फोर्थ इंजिनियर म्हणून पहिल्या दिवसापासून तो माझ्याकडे आहे. थंड समुद्रातही चालवला, उष्ण समुद्रातही, म्हणून आता खात्रीने लिहिता येईल.

मशीन चांगलं आहे. मात्र त्यातून काय बाहेर पडणार, हे निम्म्याहून जास्त बिल्ज होल्डिंग टँकमध्येच, म्हणजे हे पाणी आधी साठवतात त्या टाकीतच ठरतं.

15 पीपीएम म्हणजे हजार लिटर पाण्यात जेमतेम 15 मिलिलिटर तेल, एक मोठा चमचा. मारपोल या जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 नुसार जहाज मार्गावर असताना, फिल्टरमधून गेलेलं आणि पाणी घालून पातळ न केलेलं एवढंच पाणी समुद्रात सोडता येतं. अंटार्क्टिक क्षेत्रात तेही नाही. सुटं तेल असेल तर ही मर्यादा आमचा सेपरेटर सहज पाळतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं तेल मोजणारा मीटर बहुतेक वेळा 3 ते 6 पीपीएमच्या आसपास असतो.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पंपाची जागा. पंप सेपरेटरच्या नंतर आहे, पाणी ढकलत नाही, ओढून घेतो. जुन्या युनिटमध्ये पंप आधी होता आणि तेलाचं घुसळण तिथेच व्हायचं. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर येण्याचा वेग चौथाईवर येतो, त्यामुळे घुसळलेलं तेल टाकीत वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. एवढा एक बदल केल्यावर कोएलेसरचं आयुष्य स्पष्ट वाढलेलं दिसलं.

खरा त्रास साबणाचा. इंजिन रूमच्या प्लेट धुताना कडक डिटर्जंट वापरलं की बिल्जमध्ये दुधासारखं पांढुरकं पाणी तयार होतं आणि ते दिवसेंदिवस तसंच राहतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पर्यावरण समितीच्या 2003 च्या एमईपीसी 107(49) ठरावापासून सेपरेटरच्या मान्यता चाचणीत असं इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) मुद्दाम घालतात, सोबत लोखंडाचा गंजही. म्हणजे कागदावर हा सेपरेटर त्यासाठी पास झालेला आहे. प्रत्यक्षात आमच्या टँकमध्ये काजळी, कूलिंग वॉटरमधली रसायनं, जुना गाळ असं सगळं एकत्र असतं. तसं पाणी आलं की फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक चढत जातो आणि 5 घनमीटरच्या जागी निम्मंच पाणी जातं. सेकंड इंजिनियर साहेबांनी म्हणून स्टोअरमधलं जुनं डिटर्जंट बंद करून लवकर वेगळं होणारं मागवलं. इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर चालणारा बॉयलर) धुतल्याचं काजळीचं पाणी आता बिल्जमध्ये अजिबात येऊ देत नाही, त्याची वेगळी टाकी आहे. एसीच्या कंडेन्सेटची आणि स्वच्छ ड्रेनचीही वेगळी वाट केली. रोज जमणारं पाणीच कमी झालं, आणि हा फरक कुठल्याही महागड्या फिल्टरने आणला नसता.

होल्डिंग टँक गरम करून पाणी निवांत बसू द्यायचं, मगच सेपरेटर सुरू करायचा. टँक भरला की लगेच चालवायची घाई करणारे लोक पाहिलेत. त्यांचे अलार्म थांबत नाहीत.

पहिल्या टाकीतला तेलाची पातळी ओळखणारा प्रोब हा या मॉडेलचा कच्चा दुवा. त्यावर जड तेलाचा थर बसला की पाण्यालाही तो तेलच समजतो, तेल बाहेर काढणारा विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चांगलं पाणी वेस्ट ऑइल टँकमध्ये जात राहतं. वेस्ट ऑइल टँकची पातळी विनाकारण वाढताना दिसली, तर आधी प्रोब काढून पुसा. कंपनीच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.

तेल मोजणाऱ्या ऑइल कंटेंट मीटरबद्दल मात्र तक्रार नाही. प्रकाश किती विखुरतो यावरून तो तेल मोजतो, त्यामुळे काच मळली किंवा हवेचे बुडबुडे आले तरी आकडा चढतो. सुरू करण्याआधी ब्रशने सेल साफ करतो. गोड्या पाण्याने धुताना किंवा झिरो करताना अलार्म वाजतोच, तशी रचना वरच्या एमईपीसी ठरावातच सक्तीची आहे, म्हणजे मीटरला स्वच्छ पाणी पाजून बाहेर घाण सोडता येत नाही. मर्यादा ओलांडली की थ्री-वे व्हॉल्व्ह पाणी परत टँकमध्ये वळवतो. 20 सेकंदांच्या आत हे व्हायला हवं, आणि आमच्याकडे होतं. मीटरमधल्या नोंदी 18 महिने साठवून राहतात, पोर्ट स्टेटचे (ज्या देशाच्या बंदरात जहाज आहे तिथले) इन्स्पेक्टर आले की ऑइल रेकॉर्ड बुकातल्या (तेलकट पाण्याच्या नोंदवहीतल्या) वेळा आणि पोझिशन त्यांच्याशी ताडून पाहतात. मला हे पटतं. सेपरेटरला बगल देणारी चोरटी पाइप जोडल्याच्या खटल्यात 2016 मध्ये एका मोठ्या क्रूझ कंपनीला 4 कोटी डॉलर भरायला कबूल व्हावं लागलं. तो प्रकार उघडकीला आणणारा जहाजावर नव्याने आलेला एक इंजिनियर होता. ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हला (समुद्रात पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) कुलूप आणि किल्ली चीफ इंजिनियरकडे, ही पद्धत कुणाला जाचक वाटत असेल, मला आधार वाटते. खोटी नोंद करायचं दडपण माझ्यावर येतच नाही.

खर्चाचं म्हणाल तर कोएलेसर स्वस्त नाहीत आणि बंदरात हवे तेव्हा मिळत नाहीत. निदान दोन सुटे संच जहाजावर असायलाच हवेत. आमच्याकडे एकच आला होता, दुसऱ्याची मागणी घातली आहे. पहिल्या टाकीच्या तळाचा गाळ नियमित काढला तर संच बराच जास्त टिकतो.

जे नव्याने हा सेपरेटर हातात घेणार आहेत, त्यांनी हँडओव्हरच्या वेळी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: थ्री-वे व्हॉल्व्ह खरोखर वळतो का, मीटरचं सील शाबूत आहे का, आणि होल्डिंग टँकमध्ये तळाशी किती गाळ आहे. तिसऱ्याचं उत्तर कागदावर मिळत नाही, साउंडिंग घेऊन, म्हणजे टाकीत माप सोडून पाहिल्यावरच कळतं.