रेशमावर किरमिजी: लाख की कोचिनील?

दोन्ही रंग किड्यांचेच. लाख आपल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरची, कोचिनील मेक्सिको-पेरूच्या निवडुंगावरचं.

रंगाच्या ताकदीत कोचिनीलला तोड नाही. सुक्या किड्यात जवळपास पाचवा हिस्सा रंगद्रव्य असतं, कच्च्या लाखेत जेमतेम एक टक्का. म्हणजे 100 ग्रॅम रेशमाला 5 ते 10 ग्रॅम कोचिनील पुरतं. लाख मात्र कापडाच्या वजनाइतकी तरी घ्यावी लागते. शिवाय तिच्यात राळ असते. पाणी उकळलंत की ती वितळून पातेल्याला आणि कापडाला चिकटते, म्हणून लाख कुटून कोमट पाण्यातच भिजवायची आणि दोनदा गाळायची. कोचिनील वाटून सरळ उकळता येतं.

रंग कापडावर पक्का बसायला तुरटी दोघांनाही हवी, 100 ग्रॅम रेशमाला 10-15 ग्रॅम. तुरटीवर कोचिनील गुलाबी-किरमिजी होतं, लाख जरा मातकट, खोल लाल. हिराकसाची (लोखंडाच्या क्षाराची) चिमूट टाकली की दोन्ही जांभळट-करडे होतात. बोअरच्या जड पाण्यात कोचिनील जांभळ्याकडे झुकतं; थोडं लिंबू पिळलं की लालीकडे परततं.

सुती कापडावर दोन्ही फिके. म्हणून त्याला आधी हिरड्याचं पाणी द्यायचं, मग तुरटी.

मला लाखेचाच लाल आवडतो. पैठणीच्या काठाशेजारी तो परका वाटत नाही.