ब्रिटन, कॅनडा की जर्मनी? नर्सिंग लायसन्सचा अडथळा कुठे, केव्हा येतो

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी सिस्टरला हे तिन्ही रस्ते खुले आहेत. ‘सोपं कुठलं?’ असं विचारून हाती काही लागत नाही. अवघड परीक्षा विमानात बसण्याआधी येते की नंतर, ते बघा. नापास झालात तर कुठे आणि किती पगारावर अडकाल, हे त्यावरच ठरतं.

ब्रिटनमध्ये अर्धी परीक्षा इथे, अर्धी तिथे. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ बँड लागतात. लेखनाची अट २०१८ च्या अखेरीस ६.५ वर आली. लेखनात अर्ध्या बँडने अडकणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. संगणकावरची सीबीटी भारतातच देता येते: गणिताचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न. खरी कसोटी म्हणजे ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. ती ब्रिटनमध्येच होते, तिची दहा स्टेशन्स (टप्पे) असतात आणि फी ७९४ पौंड. बरीच हॉस्पिटलं पहिल्या प्रयत्नाची फी भरतात, पण नोकरी मध्येच सोडली तर ती परत मागतात का, हे करारात वाचा. अनुभवी सिस्टरसुद्धा इथे पडतात, आणि त्याचं कारण बहुतेकदा कौशल्याचा अभाव नसतं. हात धुणं, रुग्णाची ओळख पटवणं, ॲलर्जी विचारणं, नोंदीवर तारीख-वेळ-सही करणं यातलं काहीतरी राहून जातं. आपल्याकडच्या भरगच्च वॉर्डात ज्या गोष्टी मनातल्या मनात उरकतात, त्या परीक्षकाला दिसाव्या आणि ऐकू याव्या लागतात. पास होईपर्यंत बँड ३ किंवा ४ चा (सरकारी रुग्णालयांची वेतनश्रेणी) पगार, पिन म्हणजे नोंदणी क्रमांक आल्यावर बँड ५. अडचण दुसरीच आहे: सरकारी रुग्णालयांची परदेशी भरती २०२४ पासून बरीच आटली आहे. म्हणून ऑफर हातात येण्याआधी सगळा खर्च करून बसू नका.

कॅनडात परीक्षेचा डोंगर इथेच चढायचा. पूर्वी अभ्यासक्रमाची ताससंख्या कॅनडाच्या पदवीशी ताडून पाहण्यातच महिनोन्‌महिने जायचे आणि जीएनएमवाल्या त्यात हमखास मागे पडायच्या. २०२३ मध्ये नोव्हा स्कॉशिया आणि अल्बर्टा या प्रांतांनी भारतासह मोजक्या देशांच्या नोंदणीकृत नर्सेससाठी ही चाळणी बरीच सैल केली. एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा मात्र सुटलेली नाही: ८५ ते १५० प्रश्न, कमाल पाच तास, आणि उत्तरं बरोबर येतील तसे प्रश्न अवघड होत जातात. पाठांतरावर ही निघत नाही. ‘आधी कोणता रुग्ण पाहाल?’ अशा निर्णयांवर ती उभी आहे. नापास झालात तर पुन्हा बसण्याआधी ४५ दिवस थांबावं लागतं, पण तोवर नोकरी इथलीच चालू राहते. एक गोष्ट एजंट मुद्दाम मोघम ठेवतात: लायसन्स म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाची फाइल वेगळी, तिची फी आणि प्रतीक्षाही वेगळी.

जर्मनीत मुख्य अडथळा भाषेचा. लायसन्ससाठी साधारण बी-२ पातळी, म्हणजे कामावर स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येईल इतकी जर्मन, लागते. शून्यापासून निघालात तर वर्षभर जवळपास पूर्णवेळ अभ्यास धरा; पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात. आपल्या शिक्षणाला मान्यता राज्यागणिक वेगवेगळं कार्यालय देतं. शिक्षणात तफावत निघाली तर तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा किंवा रुग्णालयातलं प्रशिक्षण यांतून एक निवडायचं. परीक्षा एकदाच पुन्हा देता येते. २०२४ पासून कागदोपत्री तुलना सोडून थेट या टप्प्यावर जाण्याची मुभा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेकींनी ती घ्यावी. तफावत बहुधा निघतेच, मग ती शोधण्यात महिने कशाला घालवायचे? मान्यता मिळेपर्यंत सहाय्यकाचा पगार. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला, पण त्यामुळे भाषेची अट कमी झालेली नाही.

आमचं मत: इंग्रजी पक्कं असेल आणि घरची जबाबदारी मोठी असेल तर कॅनडा, कारण अपयश इथेच पचवता येतं. जीएनएम आहात, वय कमी आहे, वर्षभर भाषेला देता येईल तर जर्मनी. ब्रिटन फक्त ऑफर आली तर.

कुठेही जा, फाइल अडते ती नावावर. कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद आधी तयार ठेवा, मग कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट (अभ्यासक्रमाचा अधिकृत तपशील) मागवा. त्यात थिअरी आणि क्लिनिकलचे तास विषयवार, वेगवेगळे लिहून घ्या. नुसती बेरीज असेल तर कागद परत येतो. कौन्सिलचं नूतनीकरणही चालू असू द्या, कारण नोंदणीची पडताळणी कौन्सिललाच थेट परदेशी पाठवावी लागते.